सिंहगड रस्त्यावरचं सेंद्रिय दुकान: पाटीवर काय, पाकिटावर काय

पुण्यात सिंहगड रस्त्याला, आमच्या सोसायटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, सेंद्रिय धान्य-किराण्याचं एक छोटं दुकान आहे. डाळी, तांदूळ, गूळ, घाण्याचं तेल, मसाले आणि रविवारी सकाळी ताजी भाजी. मी तिथली जुनी गिऱ्हाईक. माल निवडलेला असतो, वजन चोख असतं, एखादी गोष्ट आवडली नाही तर दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही काका म्हणतो, कुरकुर न करता परत घेतात. तरीही हा अभिप्राय लिहायला घेतला तो दारावरच्या पाटीमुळे. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलंय, '१०० टक्के ऑरगॅनिक'. आत मात्र वेगवेगळ्या प्रकारचा माल शेजारीशेजारी मांडलेला असतो आणि प्रत्येकामागची हमी निराळी आहे. काहींमागे तर कसलीच नाही. गिऱ्हाईक मात्र सगळ्याचे जादा पैसे एकाच समजुतीने मोजतं.

दुकानाचं नाव देत नाही. ज्या तक्रारी आहेत त्या मी काकांना तोंडावर सांगितल्या आहेत, आणि असंच चित्र मी कोथरूडला पाहिलंय, ठाण्याला बहिणीकडे गेले तेव्हा तिथेही पाहिलंय. कुठल्याही सेंद्रिय दुकानात शिरताना काय वाचायचं आणि काय विचारायचं, ते या एका दुकानाच्या निमित्ताने लिहिते.

गुळापासून सुरुवात करते, कारण गूळ मला कळतो. माझं माहेर पन्हाळा तालुक्यातलं. चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं आणि हंगामात आम्ही पोरं शाळा सुटली की तिथेच असायचो.

दुकानात गुळाचे दोन प्रकार आहेत. एक जवळजवळ काळा, प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत, वर 'केमिकल फ्री गूळ' असं छापलेलं आणि शेजारी बैलगाडीचं चित्र. दुसरा तपकिरी, कागदी खोक्यात, साधाच दिसणारा. मी काकांना विचारलं, "यातला सेंद्रिय कुठला?"

"दोन्ही, ताई. आणि काळा तर अगदी अस्सल. रंगच सांगतो की."

रंग असं काही सांगत नाही. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उकळायला लागला की वर मळी येते. ती गोळा व्हावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, चुन्याची निवळी घालतात, आणि गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, झाऱ्याने मळी काढत राहतो. पुढे पाक होत आला की बऱ्याच गुऱ्हाळांत हायड्रोस टाकतात, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटची पांढरी पूड. तिने गूळ पिवळाधमक होतो. टाकतात कारण सौद्यात पिवळ्या ढेपेला भाव चढतो, आणि कोल्हापूरचा बराचसा गूळ जातो गुजरातेत, तिथल्या व्यापाऱ्याला पिवळाच लागतो. काळी ढेप मागे पडते हे चुलत्यांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलेय, त्यामुळे हायड्रोस टाकणाऱ्या शेतकऱ्याला शिव्या द्यायला माझी जीभ वळत नाही.

तर 'केमिकल फ्री' या छपाईचा अर्थ फार तर एवढाच, की काहिलीत हायड्रोस पडलेला नाही. ऊस कसा वाढला याबद्दल ती छपाई गप्प आहे. त्याच उसाला लागणीपासून भरणीपर्यंत युरियाची पोती गेली असतील, वर तणनाशकाची फवारणी झाली असेल, तरीही विकणारा 'केमिकल फ्री' म्हणून मोकळा होतो. शिवाय काळा रंग यायला इतर कारणंही पुष्कळ आहेत. क्षारपड जमिनीतल्या उसाचा गूळ काळपट निघतो आणि जिभेला खारट लागतो. पाक जास्त आटला तरी गूळ काळवंडतो. उसाच्या जातीनेही फरक पडतो. नुसता रंग बघून घेणाऱ्याच्या पदरात करपलेला पाक चढ्या भावाने पडू शकतो.

मग तपकिरी खोकं उलटं करून वाचलं. मागच्या बाजूला 'जैविक भारत'चं चिन्ह, त्याला लागून 'इंडिया ऑरगॅनिक'चं चिन्ह, प्रमाणन संस्थेचं नाव, 'एनपीओपी' या अक्षरांनी सुरू होणारा मान्यता क्रमांक, लॉट क्रमांक, आणि साहित्याच्या ओळीत 'सेंद्रिय उसाचा रस'. पुढच्या बाजूला ना बैलगाडी, ना आजीचं चित्र. भाव काळ्यापेक्षा किलोला वीसेक रुपयांनी कमी. मी तिथे उभी असतानाच आलेल्या एका बाईंनी काळ्या गुळाच्या दोन पिशव्या उचलल्या, 'लेकीच्या बाळंतपणासाठी नेतेय' म्हणाल्या. त्यांना मी खोकं दाखवलं, वाचून दाखवलं, आणि त्यांनी एक पिशवी बदलून घेतली.

आता ही चिन्हं. 'जैविक भारत' हे एफएसएसएआयचं, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं चिन्ह: वर्तुळ, त्यात पान आणि बरोबरची खूण. सेंद्रिय अन्नाबद्दलचे नियम २०१७ साली आले आणि १ जुलै २०१८ पासून लागू झाले. तेव्हापासून बाजारात 'सेंद्रिय' म्हणून माल विकायचा तर मागे दोनपैकी एक व्यवस्था असावी लागते. पहिली एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. हा केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाचा, त्याच मंत्रालयाची शेतमाल निर्यातीची संस्था अपेडा तो चालवते, आणि 'इंडिया ऑरगॅनिक' हे चिन्ह त्याचंच. यात बाहेरची त्रयस्थ संस्था येऊन शेत, गोदाम, गिरणी सगळं तपासते. दुसरी पीजीएस-इंडिया, कृषी मंत्रालयाची. यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट असतो आणि गटातले शेतकरी एकमेकांची शेतं तपासून एकमेकांची हमी घेतात. तिच्याबद्दल पुढे लिहिते, कारण दुकानातल्या रविवारच्या भाजीचा प्रश्न तिच्याशी बांधलेला आहे.

एनपीओपीत शेतकऱ्याला काय करावं लागतं हे कळलं की भाव का जास्त असतो तेही कळतं. हंगामी पीक असेल तर पेरणीच्या आधी किमान २ वर्षं त्या जमिनीत रासायनिक खत-औषध चालत नाही. फळबागेसारखं बहुवार्षिक पीक असेल तर पहिल्या तोडणीच्या आधी ३ वर्षं. या मधल्या काळात उतारा बहुधा घटतो, आणि 'इंडिया ऑरगॅनिक' चिन्ह लावता येत नसल्यामुळे माल साध्याच भावाने जातो. शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने येऊ नये म्हणून बांधालगत पट्टा सोडावा लागतो, तिथलं पीक सेंद्रियमध्ये धरत नाहीत. बियाणं कुठलं, खत कुठलं, किती क्विंटल निघालं, कुणाला विकलं, सगळी नोंद वहीत. माल पुढे सरकला की दर व्यवहाराचा दाखला निघतो, म्हणजे दहा क्विंटल पिकवणाऱ्याच्या नावावर पन्नास क्विंटल खपू नयेत.

यातली एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हे प्रमाणपत्र पद्धतीचं आहे. शेती कशी झाली, साठवण कशी झाली, माल कुठून कुठे गेला, याची ती तपासणी. हातातल्या पाकिटातला दाणा प्रयोगशाळेत जाऊन आला आणि त्यात काहीच सापडलं नाही, असा दाखला तो नव्हे. नमुने घेतात, पण प्रत्येक पाकिटाचा नाही. आणि सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, हेही खरं नाही. कडुनिंबाचा अर्क चालतो, गंधक चालतं, बोर्डो मिश्रणासारखी तांब्याची बुरशीनाशकं मर्यादेत चालतात. मला याचं वाईट वाटत नाही. पण 'आमच्या मालाला कधीच कशाचा फवारा लागत नाही' असं काउंटरवरून सांगणाऱ्याला स्वतःचा माल माहीत नाही, असं मी समजते.

दुकानाबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगलेली आहे. तिथे एक प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. लांबून ते छान दिसतं. जवळ जाऊन वाचलं तर एका शेतकरी गटाचं आहे, मुदत एका वर्षाची आणि ती केव्हाच उलटलेली. खाली पिकांची यादी: तूर, हरभरा, ज्वारी. आणि त्या फ्रेमच्या बरोबर खाली, उघड्या पिंपात, पाटी लावून विकला जातो 'सेंद्रिय इंद्रायणी'. तूर-ज्वारीच्या गटाचं प्रमाणपत्र मावळच्या तांदळाला कसं लागू होईल?

मी हे विचारलं तेव्हा काका रागावले नाहीत. म्हणाले, "तो गट आपलाच आहे, नूतनीकरण चालू असेल. तांदूळ मात्र ओळखीच्या शेतकऱ्याचा. मी स्वतः शेत बघून आलोय, ताई."

काका खोटं बोलत नाहीत यावर माझा विश्वास आहे. ते खरंच शनिवार-रविवारी शेतांवर जातात, त्यांच्या मोबाइलमध्ये भाताच्या खाचरांचे फोटो आहेत. पण मग पिंपावर तसंच लिहावं: 'ओळखीच्या शेतकऱ्याकडून, प्रमाणपत्र नाही'. मी तो तांदूळ तरीही घेईन, कारण तो चवीला उत्तम आहे आणि फार पॉलिश केलेला नाही. नियमांतही लहान शेतकऱ्याला सूट आहे. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल आणि तो स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकत असेल, तर प्रमाणपत्राशिवाय विकू शकतो, फक्त 'जैविक भारत' चिन्ह लावू शकत नाही. मात्र ही सूट थेट विक्रीसाठी आहे. मध्ये दुकान आलं, पिंप आलं, माप आलं, की शेतकरी आणि आपण यांच्यामध्ये काय मिसळलं हे सांगणारं कुणी उरत नाही. सुट्या मालाला मी म्हणूनच घाबरते. पाकीट निदान शिवलेलं असतं.

भिंतीवर प्रमाणपत्र दिसलं की त्यावर तीन गोष्टी बघा: कुणाच्या नावाचं, कुठपर्यंत मुदत, आणि यादीत तुम्ही घेताय तो माल आहे का. मान्यता असलेल्या प्रमाणन संस्थांची यादी अपेडाच्या संकेतस्थळावर असते, ती मोबाइलवर उघडून नाव जुळवता येतं. दुकानदाराला प्रत मागायला संकोच करू नका. चांगला दुकानदार फाइल काढून दाखवतो. डाळींच्या बाबतीत काकांनी दाखवली आणि ती पूर्ण होती, लॉट क्रमांकासकट. त्यांची तूरडाळ म्हणूनच मी डोळे झाकून घेते.

रविवारची भाजी हा या दुकानाचा खरा चांगुलपणा आहे. पुरंदर तालुक्यातून एका गटातल्या दोघी-तिघी येतात. मेथी, मुळा, घेवडा, कधी अंजीर. वर दुकानाची पाटी, 'ऑरगॅनिक भाजी'. मी त्यातल्या मावशींना विचारलं, "तुमचं पीजीएस आहे का?" त्यांनी मोबाइल काढून गटाचं प्रमाणपत्र दाखवलं आणि स्वतःहून म्हणाल्या, "आमचं अजून ग्रीन हाय बघा. ऑरगॅनिक व्हायला वरीसभर तरी जाईल."

पीजीएसमध्ये दोन चिन्हं असतात. जमीन अजून रासायनिकवरून सेंद्रियकडे वळण्याच्या काळात असेल तर 'पीजीएस-इंडिया ग्रीन', आणि तो काळ पूर्ण झाला की 'पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक'. मावशींनी जे दोन वाक्यांत प्रामाणिकपणे सांगितलं, ते पाटी लपवते. आणि लपवायची गरजच काय? उलट या मधल्या वर्षांतच त्यांना गिऱ्हाईक हवं असतं. 'यांची जमीन सेंद्रिय होते आहे, या काळात साथ द्या' असं लिहिलं तर आमच्या सोसायटीतल्या निम्म्या बायका मुद्दाम त्यांच्याकडून घेतील.

पीजीएसला कमी लेखणारे पुष्कळ भेटतात. 'शेतकरीच शेतकऱ्याला पास करतो' म्हणतात. मी गावात वाढलेय, मला त्यात बळही दिसतं आणि धोकाही. बळ असं की कृषी सेवा केंद्रातून कोण कुठली बाटली घेऊन गेलं हे गावात संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. बाहेरून वर्षाकाठी येणाऱ्या निरीक्षकाला ते कळणं अवघड. धोका असा की भावकी आड येते. चुलतभावाच्या शेतावर 'नापास' लिहायला हात धजत नाही. म्हणून पीजीएसचा माल घेताना मी गटातल्या माणसाशी बोलते, पिकाबद्दल विचारते. घेवड्यावर मावा ही कीड पडली तेव्हा काय केलं, असं विचारलं की खरं शेत असलेला माणूस दहा मिनिटं बोलतो.

याच दुकानात 'नैसर्गिक शेतीतलं' असं लिहिलेली पिठं आणि कडधान्यं एका वेगळ्या मांडणीवर आहेत. नैसर्गिक शेती महाराष्ट्राला नवी नाही. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी ती घरोघर नेली, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. देशी गाईचं शेण-गोमूत्र, गूळ आणि बेसन यांचं जीवामृत, हा तिचा गाभा. कष्टाने ती करणारे शेतकरी मी पाहिलेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण पाकिटावर नुसतं 'नैसर्गिक' छापलं असेल, तर त्यामागे कुठलं प्रमाणपत्र आहे का हे वेगळं विचारावं लागतं. जीवामृत घातलं की नाही हे पाकिटावरून कळायची सोय नाही.

हिरवा रंग हाच एक मोठा घोटाळा आहे. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका शाकाहाराचा, त्याचा सेंद्रियशी संबंध नाही. चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक हा अन्नधंद्याचा परवाना आहे, तो चिवड्याच्या पाकिटावरही असतो. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एकदा तोच क्रमांक 'सरकारमान्य ऑरगॅनिक' म्हणून फिरला होता. आणि एक हिरवं चिन्ह तर सेंद्रियच्या अगदी उलट आहे: वर्तुळात फुलासारखी आकृती, तिला राडुरा म्हणतात. मसाल्यांच्या पाकिटांवर ते दिसतं. त्याचा अर्थ तो माल विकिरण प्रक्रियेतून गेलाय, कीड-जंतू मारण्यासाठी. वाशीला मसाल्यांचं असं केंद्र आहे, लासलगावला कांद्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' आहे. ही प्रक्रिया सुरक्षित मानलेली आहे, घाबरण्यासारखं काही नाही. पण सेंद्रिय मालाला ती चालत नाही. ओळखीच्या एका काकू ते फूल बघून मिरचीपूड 'ऑरगॅनिक' म्हणून जपून वापरत होत्या.

बेसनावर 'नॉन-जीएमओ', म्हणजे जनुकीय बदल केलेल्या पिकाचं नाही, असं लिहून भाव चढवणं मला पटत नाही. आपल्याकडे व्यापारी लागवडीला परवानगी असलेलं जनुकीय बदलाचं पीक एकच, बीटी कापूस, २००२ पासून. हरभरा, तूर, तांदूळ, गहू यांत ते पीकच नाही. मग बेसनावर ते शब्द छापून गिऱ्हाइकाला काय मिळालं? सरकीच्या तेलावर किंवा बाहेरून येणाऱ्या सोयाबीन तेलावर तो प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

जानेवारी-फेब्रुवारीत दुकानात नाशिकची द्राक्षं येतात, पेटीवर 'रेसिड्यू फ्री', म्हणजे औषधांचे अंश नसलेली. गोड असतात, कडक असतात, मी घेते. ती सेंद्रिय नसतात, आणि पेटीवर तसा दावाही नसतो. दावा दुकानातला मुलगा करतो. औषधं फवारलेली असतात, पण काढणीआधी ठरलेले दिवस थांबलेले असतात आणि नमुना तपासून अंश मर्यादेत किंवा नगण्य आढळलेला असतो. आपल्या द्राक्ष बागायतदारांनी यात फार कष्टाने नाव कमावलंय. २०१० सालचा धडाही त्यांना आठवत असेल. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती. तोवर ते रसायन आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. तपासणीत तेच सापडतं जे शोधलं जातं, म्हणून 'रेसिड्यू फ्री' वाचताना मी मनात 'तपासलेल्या रसायनांपुरतं' हे शब्द जोडते. अशी तपासणी करणारी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आपल्या पुण्यातच आहे, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात.

ज्वारीत पोरकिडे निघाले तेव्हा मुलगा म्हणाला, "कीड लागते म्हणजेच ऑरगॅनिक, ताई." हे ऐकून मला खरंच राग आला. साठवणीत धुरी द्यायची रासायनिक गोळी सेंद्रिय धान्याला चालत नाही हे बरोबर. पण कार्बन डायऑक्साइड चालतो, हवा काढून केलेलं पॅकिंग चालतं, नीट वाळवणं तर पूर्वापार चालत आलंय. किडकं धान्य हे साठवण बिघडल्याचं लक्षण आहे. कुठलंही साधं धान्य चार महिने दमट कोठीत ठेवा, त्यालाही कीड लागेल. काकांनी ती ज्वारी लगेच बदलून दिली, पण मुलाला समजावून सांगितलं पाहिजे.

बिस्किटं आणि नाश्त्याच्या पदार्थांचं थोडक्यात. अनेक घटकांच्या पदार्थाला 'सेंद्रिय' म्हणायचं तर पाणी-मीठ सोडून किमान ९५ टक्के घटक सेंद्रिय हवेत. ७० ते ९५ च्या मध्ये असेल तर 'सेंद्रिय घटक वापरून केलेलं' एवढंच म्हणता येतं. त्याहून कमी असेल तर फक्त घटकांच्या यादीत त्या-त्या घटकापुढे. नाचणीच्या बिस्किटाच्या पुड्यावर पुढे मोठ्ठं 'ऑरगॅनिक रागी', आणि मागे यादीत पहिला मैदा, मग साखर, मग पाम तेल, मग नाचणी. सेंद्रिय साखर ही शेवटी साखरच, आणि इथे तर तीही साधी. हा पुडा मी दुकानात परत ठेवला आणि काकांना म्हटलं, लहान मुलांच्या आया हा तुमच्या भरवशावर घेतात, हा ठेवू नका.

पोषणाचा प्रश्न सगळ्याच विचारतात. २०१२ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पुष्कळशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सेंद्रिय अन्नात कीटकनाशकांचे अंश सापडण्याचं प्रमाण कमी, पण पोषणमूल्य ठळकपणे जास्त असल्याचा भक्कम पुरावा नाही, असं त्यांना आढळलं. २०१४ च्या न्यूकॅसलच्या आढाव्यात अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा घातक धातू कमी दिसला. तज्ज्ञांत यावर एकमत नाही. मी सेंद्रिय घेते ते जीवनसत्त्वासाठी नाही. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन, तोंडाला नुसता रुमाल बांधून उसात शिरणारे चुलते मी पाहिलेत. संध्याकाळी त्यांचे डोळे लाल असायचे, जेवण जायचं नाही. ज्या शेतात तो पंप जात नाही त्या शेताचा माल मला हवा आहे, आणि त्याचे जास्त पैसे द्यायला मी तयार आहे. म्हणूनच ते पैसे त्या शेतापर्यंत पोचतात की नाही हे मला बघायचं असतं.

सगळंच सेंद्रिय घेणं आमच्या घराला परवडत नाही. तूरडाळ, हरभराडाळ आणि गूळ मी इथून प्रमाणपत्राचा घेते. रविवारी पालेभाजी मावशींकडून, 'ग्रीन' आहे हे माहीत असून. इंद्रायणी पिंपातला घेते, पण सेंद्रिय म्हणून नाही, चांगला तांदूळ म्हणून, आणि काकांना तसं सांगून. कांदा-बटाटा मंडईतून. सेंद्रिय बिस्किटं, सरबतं, चॉकलेटं नाहीत.

मी बोलल्यानंतर काकांनी काही बदल केले आहेत, तेही लिहायला हवेत. जुनी फ्रेम उतरवली. डाळींच्या कप्प्यावर गटाचं नाव आणि प्रमाणपत्राची मुदत लिहिलेला कागद डकवलाय, कुणीही वाचू शकेल असा. रविवारच्या टेबलावर 'पीजीएस ग्रीन' ही पाटी आली, मावशींनीच ती खडूने लिहिलीय. पिंपावरचा 'सेंद्रिय' शब्द अजून आहे. नाचणीचा पुडाही अजून आहे, तो खपतो म्हणतात. काळ्या गुळाच्या पुरवठादाराकडे उसाचं प्रमाणपत्र मागितलंय, असं काका मागच्या आठवड्यात म्हणाले. दारावरच्या पाटीतलं '१०० टक्के' कधी काढणार, हे मी त्यांना दर वेळी विचारते आणि पुढच्या रविवारीही विचारणार आहे.